गोवा पुण्याच्या कुठल्या बाजूला? डोक्यातला नकाशा आणि त्याची परीक्षा

दिवाळीत सगळे पुण्याला जमलो होतो, फराळ झाला, पत्ते झाले, आणि मग भाचीने एक खेळ काढला. म्हणाली डोळे मिटा आणि गोवा ज्या दिशेला आहे तिकडे हात करा. दिशेवरून भांडण नको म्हणून आधी तिने गॅलरीकडे बोट करून सांगितलं की ही पूर्व. आठ जण होतो. डोळे उघडले तर सात हात नैर्ऋत्येला, त्यातले दोन-तीन तर जवळजवळ सरळ पश्चिमेलाच, म्हणजे मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला. आठवा हात काकांचा, तो स्वयंपाकघराकडे होता कारण ते चहाची वाट बघत होते.

मग तिने फोनवर दाखवलं. पुण्याचं रेखांश ७३.८६, पणजीचं ७३.८३. म्हणजे पूर्व-पश्चिम फरक तीनेक किलोमीटरचा, नसल्यातच जमा. पुण्यातून नाकासमोर दक्षिणेला निघालात तर ३३५-३४० किलोमीटरवर थेट पणजी. काका म्हणाले शक्यच नाही, समुद्र पश्चिमेला आहे, गोवा समुद्रावर आहे, पुणे समुद्रावर नाही, मग गोवा पश्चिमेलाच असणार की. आता या बोलण्यात लॉजिक म्हणून काही चूक नाही हो, फक्त त्यात एक गोष्ट धरलेलीच नाही, की आपली किनारपट्टी सरळ उभी नाहीये. ती उत्तरेकडून दक्षिणेला जाताना तिरकी पूर्वेला सरकत जाते. मुंबई ७२.८८ च्या आसपास आणि पणजी ७३.८३, म्हणजे मुंबईहून गोव्याला जाईपर्यंत किनारा शंभर किलोमीटर आत वळलेला असतो. आपण मात्र डोक्यात तो पट्टीने मारलेल्या रेघेसारखा उभा ठेवतो.

हे मला फार इंटरेस्टिंग वाटलं, कारण आमच्यातल्या प्रत्येकाने शाळेत नकाशे भरलेत, ती प्लॅस्टिकची स्टेन्सिल फिरवून फिरवून वही भरलीय, आराखडा नकाशात सूचीसकट गोवा रंगवलाय, आणि गोव्याला तर सगळेच चार-चार वेळा जाऊन आलेत. तरी सात जण चुकले, आणि सगळे एकाच बाजूला चुकले. नुसतं माहीत नसतं तर हात कुठेही गेले असते ना, चारी दिशांना. एकाच दिशेला गेले याचा अर्थ डोक्यात काहीतरी नकाशा नक्की आहे, फक्त तो एका ठराविक पद्धतीने वाकडा आहे.

या डोक्यातल्या नकाशाला मेंटल मॅप म्हणतात, मनातला नकाशा म्हणा. टोलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांवरून मांडलं की भुलभुलैयात फिरणारा उंदीर नुसता डावीकडे-उजवीकडे असं पाठ करत नाही, तो त्या जागेचा काहीतरी आराखडा मनात तयार करतो. पुढे १९७१ मध्ये ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की ज्या उंदीर ठराविक जागी आला की पेटतात, आणि २००५ मध्ये मोझर दाम्पत्याला जागा चौकटीत मोजल्यासारख्या वागणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. पण हे झालं चालण्या-फिरण्याच्या जागेचं. घर, गल्ली, बाजार. अख्खा महाराष्ट्र किंवा अख्खं जग आपण कुठे चालून बघतो? तो नकाशा आपण ऐकीव गोष्टी, शाळेतलं चित्र, एसटीचे प्रवास, बातम्या असं काय काय एकत्र चिकटवून बनवतो, आणि चिकटवताना मेंदू सोयीसाठी बरीच इस्त्री मारतो.

पहिली इस्त्री म्हणजे डबे. १९७८ मध्ये स्टीव्हन्स आणि कूप यांनी लोकांना विचारलं की रीनो शहर सॅन डिएगोच्या कुठल्या बाजूला. सॅन डिएगो कॅलिफोर्नियात, अगदी पश्चिम किनाऱ्यावर. रीनो शेजारच्या नेवाडा राज्यात, आणि नेवाडा कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला. म्हणून लोक म्हणतात रीनो पूर्वेला. खरं तर रीनो पश्चिमेला आहे, कारण कॅलिफोर्निया खाली जाताना तिरका होत जातो (ओळखीचं वाटतंय ना). म्हणजे आपण शहर लक्षात ठेवत नाही, आपण राज्य लक्षात ठेवतो आणि शहर त्या डब्यात टाकून देतो, आणि मग शहराची दिशा विचारली की डब्याची दिशा सांगतो.

आपल्याकडे हे डबे म्हणजे कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ. विदर्भ कुठे? उजवीकडे, पूर्वेला. मराठवाडा कुठे? मध्ये. आता सांगा, बुलढाणा लातूरच्या पूर्वेला की पश्चिमेला? मी बिनधास्त पूर्वेला म्हणालो होतो. बुलढाणा विदर्भात, लातूर मराठवाड्यात, यात विचार काय करायचा. बुलढाणा ७६.१८ वर आहे आणि लातूर ७६.५७ वर. बुलढाणा पश्चिमेला! तसंच मराठवाड्यातलं नांदेड विदर्भातल्या अकोल्याच्या पूर्वेला आहे. नांदेड तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की दिल्लीच्या जवळजवळ बरोब्बर खाली येतं, दोन्ही ७७.२-७७.३ च्या रेषेवर. आणि नागपूर, जे आपण 'महाराष्ट्रातलं' म्हणून थोडं अलीकडे ओढून ठेवतो, ते हैदराबादच्याही पूर्वेला आहे.

दुसरी इस्त्री म्हणजे सरळ करणं. बार्बरा ट्वर्स्की यांनी १९८१ मध्ये दाखवलं की लोक तिरक्या गोष्टी मनात सरळ करतात आणि शेजारच्या गोष्टी एका रांगेत लावतात. युरोप आणि अमेरिका समोरासमोर आहेत असं वाटतं, म्हणून रोम फिलाडेल्फियाच्या दक्षिणेला असेल असं वाटतं. इटली उबदार, तिथे ऑलिव्ह पिकतात, मग अजूनच खात्री पटते. प्रत्यक्षात रोम उत्तरेला आहे. दक्षिण अमेरिका उत्तर अमेरिकेच्या खाली टांगलेली वाटते, पण ती बरीचशी पूर्वेला सरकलेली आहे, इतकी की प्रशांत महासागराच्या बाजूचं चिलीतलं सॅंतियागो हे अटलांटिकवरच्या न्यूयॉर्कच्या पूर्वेला येतं. हे वाचून मी दोनदा नकाशा उघडून बघितला, तुम्हीपण बघाच.

मुंबईकरांचा तर वेगळाच मामला. त्यांचा नकाशा लोकलच्या इंडिकेटरसारखा असतो, एक सरळ पट्टी आणि त्यावर स्टेशनं. ईस्ट-वेस्ट म्हणजे स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं ते. अशा माणसाला विचारा की कल्याण बोरिवलीच्या उत्तरेला आहे की नाही. तो म्हणणार आहेच, किती लांब आहे कल्याण! पण सेंट्रलची लाईन ठाण्यानंतर पूर्वेकडे वळते, वेस्टर्नची उत्तरेलाच जात राहते, त्यामुळे कल्याण आणि बोरिवली जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, सरळ रेषेत २९-एक किलोमीटर अंतरावर, मध्ये नॅशनल पार्क आणि ठाणे. पण गाडीने जायचं तर दादरपर्यंत खाली या, गाडी बदला, परत वर जा. त्यामुळे ही दोन गावं एकमेकांशेजारी आहेत हे डोक्यात बसतच नाही. ठाणे-बोरिवली बोगदा का खणतायत ते नकाशा बघितल्यावर लगेच कळतं.

आणि माझा स्वतःचा एक संशय आहे, की आपली भाषासुद्धा यात हातभार लावते. आपण कोकणात 'उतरतो', घाट 'चढून' देशावर येतो. हे वर-खाली उंचीचं आहे. पण कागदावर वर म्हणजे उत्तर. भाचीने पहिल्यांदा आठवून महाराष्ट्र काढला तेव्हा कोकण पार खालच्या कोपऱ्यात गोळा झालं होतं, आणि पालघर तर तिने कोकणात धरलंच नव्हतं, कारण तिच्या मते पालघर 'वर' आहे. माझ्या आजीकडे हा गोंधळ नव्हता बहुतेक. ती उगवतीला, मावळतीला असं म्हणायची, विहीर घराच्या उगवतीला, शेत मावळतीला. तिला गोव्याकडे हात कर म्हटलं असतं तर काय केलं असतं देव जाणे, पण निदान वर-खाली म्हणाली नसती.

अजून एक वाकडेपणा सगळ्यांत दिसतो, आपलं गाव मोठं होतं. भाचीचा तो पहिला नकाशा एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढलेला, अजून आहे माझ्याकडे. त्यात पुणे-मुंबई अंतर आहे चार बोटं आणि पुणे-नागपूर आठ बोटं. म्हणजे दुप्पट. खरं गणित केलं तर पुणे-मुंबई सरळ रेषेत १२० किलोमीटरच्या आसपास आणि पुणे-नागपूर ६२०, म्हणजे पाचपट. नागपूरच्या मावशीला व्हॉट्सॲपवर तो फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "तुम्ही पुणेवाले आम्हाला असंच कोपऱ्यात बसवून ठेवता ना बाप्पा." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. नागपूरहून भोपाळ आणि रायपूर दोन्ही सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आत आहेत, मुंबई जवळपास ७००. आणि गडचिरोलीतलं सिरोंचा घ्या, ते सरळ रेषेत नागपूरपेक्षा हैदराबादला जवळ आहे. हे एकदा नकाशात दिसलं की तिकडच्या लोकांच्या बऱ्याच तक्रारी वेगळ्या ऐकू येतात.

बरं, आता हा नकाशा दुरुस्त कसा करायचा? छत्तीस जिल्ह्यांची यादी पाठ करून होत नाही, ते मी करून बघितलंय. यादी म्हणजे यादी, तिला दिशा नसते. पालघर, ठाणे, रायगड म्हणत गेलं की नावं येतात, पण वाशिम कुठे ठेवायचं विचारलं की हात हवेतच.

मला उपयोगी पडल्या त्या दोऱ्या. म्हणजे नकाशावर चार-पाच रेषा पक्क्या ताणायच्या आणि बाकी गावं त्यांना टांगायची. दिशा सरळ करायची मेंदूला इतकी हौस आहे ना, मग त्याला खरोखर सरळ असलेल्या रेषाच देऊ. पहिली उभी दोरी नाशिक-पुणे-पणजी, तिघंही ७३.८ च्या आसपास. दुसरी उभी दोरी दिल्ली-भोपाळ-नांदेड-बंगळुरू-कन्याकुमारी, सगळे ७७.२ ते ७७.६ मध्ये, ही तर अख्ख्या देशाला कण्यासारखी आहे. आता आडव्या. वरची आडवी दोरी सुरत-जळगाव-नागपूर-रायपूर, सगळी २१ अंशाच्या जवळ. सुरत आणि नागपूर एका रेषेत! ही रेष ट्रकवाल्यांना केव्हाची माहीत आहे, कारण जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याला ५३ म्हणतात, तो जवळपास हीच दोरी धरून गुजरातच्या किनाऱ्यापासून ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत जातो, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करत. मधली आडवी दोरी १९ अंशाची, मुंबई-अहिल्यानगर-बीड-नांदेड. आणि खालची सातारा-पंढरपूर-सोलापूर, तिघंही १७.७ च्या आसपास, आणि ती तशीच पुढे ओढली तर थेट विशाखापट्टणमला जाऊन समुद्रात पडते.

एवढ्या दोऱ्या झाल्या की अंतराचा अंदाजपण फुकट मिळतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, आणि आपल्या भागात रेखांशाचा एक अंश म्हणजे १०५ च्या आसपास. १९ ची दोरी आणि २१ ची दोरी यांच्यात दोन अंश, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. झालं. औंढा, परभणी, जालना कुठे बसतील ते आपोआप त्या दोन दोऱ्यांमधल्या जागेत शोधायचं.

दुसरी युक्ती नद्यांची, आणि ही मला जास्त आवडते, कारण रेषा पाठ कराव्या लागतात पण पाणी कुठे जातं याची गोष्ट असते, आणि गोष्ट विसरत नाही. पुण्याचं मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेलाच मिळते. भीमा पुढे उजनी धरणातून पंढरपूरला जाते आणि तिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो. म्हणजे वारीत माणसं आळंदीहून चालत निघतात, आणि इंद्रायणीचं पाणीपण त्याच गावाला चाललेलं असतं, आपल्या वाटेने. (पुण्याची गटारंपण त्याच वाटेने जातात, हे सोलापूरकर तुम्हाला आठवणीने सांगतील.) तिकडे कोल्हापूरची पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि भीमा कृष्णेला मिळते ती कर्नाटकात रायचूरच्या उत्तरेला. म्हणजे पुण्याचं आणि कोल्हापूरचं एकत्र येणं शक्य आहे, फक्त त्यासाठी रायचूरपर्यंत जावं लागतं.

तसंच वर बघा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र ८०-एक किलोमीटरवर, पण बाई पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. का, तर पठाराचा उतारच पूर्वेला आहे, सह्याद्रीची धार ओलांडली की पश्चिमेला खोल कोकण आणि पूर्वेला हळूहळू उतरत जाणारा देश. नाशिक, पैठण, नांदेड ही त्याच एका दोऱ्यातली गावं. नागपूरची नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंचाला गोदावरीत. म्हणजे नाशिकचं आणि नागपूरचं पाणी एकमेकांना सिरोंचात भेटतं. आणि या सगळ्यांच्या उलट दिशेला तापी, मध्य प्रदेशात मुलताईला निघते आणि भुसावळवरून पश्चिमेला सुरतेला जाते. वरची आडवी दोरी आठवा, सुरत-जळगाव. तापीचं खोरं तिथूनच जातं, म्हणून तर हायवे आणि रेल्वे दोन्हींना ती वाट सोपी पडली. असं एकात एक अडकत गेलं की पाठांतर राहतच नाही.

पण आता मुख्य गोष्ट, परीक्षा. इथेच बहुतेक जण कच्चे राहतात. नकाशा बघणं आणि नकाशा येणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशा समोर धरून बघत बसलं की वाटतं हो हो, माहीत आहे, कळलं. ती ओळख असते, आठवण नाही. २००७ मध्ये कार्पेंटर आणि पॅशलर या दोघांनी हेच तपासलं. काही नकाशे लोकांना नुसते बघून अभ्यासायला दिले आणि काही नकाशे असे दिले की त्यातली एखादी गोष्ट गायब करायची आणि विचारायचं, इथलं काय गेलं, आठवा. वेळ दोन्हीला सारखाच. नंतर सगळं आठवून कागदावर काढायला सांगितलं तर गायब गोष्ट आठवत आठवत शिकलेला नकाशा जास्त बरोबर आला. म्हणजे स्वतःला प्रश्न विचारणं हा अभ्यास झाला की नाही ते बघायचा प्रकार नाही, तोच अभ्यास आहे.

आम्ही जे करतो ते साधं आहे. कोरा कागद, दहा मिनिटं, फोन लांब. आधी चौकट, मग दोऱ्या, मग गावं. चित्र सुंदर यायची काही गरज नाही, महाराष्ट्र बटाट्यासारखा आला तरी चालतो. मग नकाशा उघडायचा आणि लाल पेनाने फक्त दिशा आणि अंतर तपासायचं, कोण कोणाच्या पूर्वेला गेलं, कोण किती जवळ ओढलं गेलं. आणि तो कागद ठेवून द्यायचा, फेकायचा नाही. परत तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. रोज उठून काढण्यात मजा नाही, कारण कालचा लाल पेन डोळ्यासमोरच असतो. थोडं विसरू द्यायचं, मग खेचून काढायचं.

प्रश्नपण नीट विचारायला लागतात. "वाशिम कुठल्या विभागात" हा प्रश्न डब्याचा आहे, त्याने नकाशा सुधारत नाही. "हिंगोलीहून वाशिमला जायचं तर कुठल्या दिशेला" हा खरा प्रश्न. किंवा "अहिल्यानगर जिल्ह्याला कोणाकोणाची हद्द लागते". हा आमच्याकडे हिट आहे. नाशिक, संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे इथपर्यंत लोक येतात आणि थांबतात. सातवा ठाणे! नगरला ठाणे कसं लागेल म्हणून परत भांडण. हरिश्चंद्रगडावर गेलेल्या माणसाला मात्र लगेच पटतं, तिथे नगर, पुणे आणि ठाणे तिघांच्या हद्दी एकत्र येतात.

अजून एक सवय भाचीने लावली, उत्तरापुढे खात्री लिहायची, दहापैकी किती. बुलढाण्यापुढे मी दहा लिहिलं होतं. गंमत अशी की खात्रीने चुकलेलं जास्त पक्कं दुरुस्त होतं, यावरही मानसशास्त्रात काम झालंय, आणि अनुभवही तोच. अंदाजपंचे दिलेली चुकीची उत्तरं मी विसरलो, बुलढाणा मरेपर्यंत विसरणार नाही. आणि जिथे पाच-सहा लिहिलंय पण उत्तर बरोबर आलंय तिथे खूश व्हायचं नाही, तो तुक्का होता, परत विचारायचा.

कागदाबाहेरची एक परीक्षा मला सगळ्यात आवडते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. पुणे आणि नागपूरमध्ये सव्वापाच अंश, म्हणजे वीस-एकवीस मिनिटं. मार्चमध्ये एकदा संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहून मावशीला फोन लावला, सूर्य अजून समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर होता. विचारलं मावळला का गं तिकडे. म्हणाली, "कधीचाच, मी दिवा लावून स्वयंपाकाला लागली." मी घड्याळ लावून बसलो, आमच्याकडे मावळायला पंधरा-वीस मिनिटं लागली. तुम्ही म्हणाल हे तर शाळेत शिकवतात. शिकवतात, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला नागपूर लांब 'दिसलं'. डिसेंबरात करून बघा, फरक अजून थोडा वाढतो, कारण नागपूर उत्तरेलाही आहे आणि हिवाळ्यात उत्तरेला दिवस लहान.

जगाच्या नकाशाचं फार लिहीत नाही, तिथे भिंतीवरचा नकाशाच आधी फसवतो. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये बनवलेली पद्धत जहाजांना दिशा धरायला होती, क्षेत्रफळासाठी नव्हती, ध्रुवाकडे जाल तसं सगळं फुगत जातं. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं आफ्रिका १४ पट मोठी आहे, आणि भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी शिकवतात हे त्यामुळे मला बरं वाटतं, दोन्ही देश विषुववृत्ताच्या बरेच जवळचे म्हणून फार फुगत नाहीत, आणि ब्राझील आपल्या अडीच पटीहून मोठा आहे हे त्यातून डोळ्यात भरतं. आणि जगाला दोरी हवीच असेल तर विरारपासून सुरू करा. विरारच्या अक्षांशावरून सरळ पश्चिमेला निघालात, ओमान, सौदी, सुदान, सहारा, अटलांटिक, तर मेक्सिको सिटीत पोचाल.

हे सगळं फोन असताना कशाला, असं आमचे काकाच विचारतात. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी चेरिंग क्रॉसच्या सहा मैलांच्या आतले २५,००० च्या आसपास रस्ते तोंडपाठ असावे लागतात, आणि २०११ मध्ये वूलेट आणि मॅग्वायर यांनी अशा शिकाऊ लोकांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले, तर जे पास झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाच्या, मागच्या बाजूला वाढ दिसली. जे नापास झाले त्यांच्यात नाही. पण काकांना मेंदूच्या वाढीत रस नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की गोवा पश्चिमेला आहे.

जानेवारीत ते काकूला घेऊन गाडीने गोव्याला गेले. संध्याकाळी पाचच्या सुमारास आंबोलीवरून भाचीला व्हिडिओ कॉल. गाडी थांबवून फोन समोरच्या काचेवर धरला होता, आणि सूर्य बरोब्बर नाकासमोर. "हे बघ," म्हणाले, "आता बोल. मी गोव्याला चाललोय आणि सूर्य माझ्या तोंडावर आहे. कुठली दिशा झाली ही?" भाची म्हणाली, काका, तेवढा तुकडा पश्चिमेलाच आहे, पण तुम्ही पुण्याहून कोल्हापूरला आलात ना, कोल्हापूर ७४.२४ वर आहे, तुम्ही सकाळभर पूर्वेला सरकत होतात, चाळीस किलोमीटर, ते आता परत येताय. पलीकडे काकू हसली. काका काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात स्क्रीन अडकली, आंबोलीची रेंज.